थ्री-नॉट-थ्रीचं सैल चेंबर आणि तिसऱ्या भरणीत तुटलेली पुंगळी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. तुम्ही अल्बर्टात रीतसर लायसन्सवर १९४३ सालची लाँग ब्रँचची ली-एनफिल्ड घेतलीत, नंबर ४ मार्क १ स्टार. थ्री-नॉट-थ्रीची तयार काडतुसं परवडेनात म्हणून प्रेस आणि डाय (पुंगळी दाबून मापाला आणणारा साचा) आणून घरीच भरायला लागलात. त्याच पुंगळ्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळ्या, तिसऱ्यांदा भरून झाडताना एक पुंगळी मधूनच तुटली. बुडाचा तुकडा बोल्टबरोबर बाहेर आला आणि पुढची नळी चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या ज्या पोकळीत काडतूस बसतं तिथे, अडकून बसली. गनस्मिथने गेज लावून हेडस्पेस (बोल्ट आणि बॅरल यांच्यातली काडतुसाच्या बुडाची जागा) मर्यादेत असल्याचं सांगितलं. दुकानदाराचं मत, चेंबर ओव्हरसाइज आहे, बॅरल बदला. दोघांपैकी बरोबर कोण आणि या रायफलसाठी भरत राहावं का, एवढं तुम्हाला हवंय. शिवाय खडकीच्या शिक्क्याची काडतुसं मिळाली आहेत, त्यांचं काय करायचं, हेही.

दोघंही बरोबर आहेत. हेडस्पेस मर्यादेत असू शकते आणि चेंबर मोठंही असू शकतं. दोन्ही एकाच रायफलमध्ये सुखाने नांदतात. पण तुमची पुंगळी तुटली ती बहुतेक तिसऱ्याच गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट तुमच्या टेबलावर आहे. तुम्ही दर वेळी फुल-लेंग्थ डाय तळापर्यंत खाली घेऊन पुंगळी दाबताय. चेंबर तिला फुगवतं, डाय तिला परत कोऱ्या मापाला आणते, चेंबर पुन्हा फुगवतं. पितळ हा त्रास फार दिवस काढत नाही.

'बहुतेक' म्हणालो, कारण मी रायफल पाहिलेली नाही. फोटोत दिसतंय तेवढ्यावर बोलतोय. पुंगळीचे दोन्ही तुकडे फेकले नसतील तर जपून ठेवा. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच: पुंगळी अंगावर उभी फाटलेली असेल, बुडाजवळ फुगवटा असेल, किंवा बोल्ट हातोडीने उघडावा लागत असेल, तर खालचं काहीही करू नका. रायफल गनस्मिथकडे न्या आणि तोवर एकही बार काढू नका. भारतातून वाचणाऱ्यांसाठीही सांगून ठेवतो की तिकडे थ्री-नॉट-थ्री हा प्रतिबंधित बोअर आहे आणि परवान्याशिवाय काडतुसं भरणं हा गुन्हा आहे. जिथे हे कायद्याने चालतं तिथल्यांसाठीच हे उत्तर आहे.

आता चेंबर मोठं का, ते पाहू. तुमच्या रायफलच्या आधी कॅनडाने स्वतःची रॉस रायफल वापरली होती. तिचं चेंबर नेटकं आणि घट्ट होतं, कॅनडातल्या काटेकोर काडतुसांसाठी केलेलं. १९१५ मध्ये ती बेल्जियमच्या चिखलात गेली आणि हाती घाईघाईने बनवलेली, मापाला ढिली ब्रिटिश काडतुसं आली. बोल्ट अडकायला लागले. ईप्रच्या दुसऱ्या लढाईत कॅनडियन जवानांनी पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफिल्ड उचलून घेतल्या. पुढे रॉसची चेंबरं रीमर (भोक मोठं करणारं हत्यार) फिरवून मोठी केली गेली. अशा बॅरलवर 'ई' हे अक्षर मारलेलं आढळतं. ली-एनफिल्डला ही अडचण तितकी आली नाही, कारण तिचं चेंबर मुळात सैल होतं. चिखल, वाळू, मातीने बरबटलेलं काडतूस आत गेलं पाहिजे आणि रिकामी पुंगळी बाहेर आली पाहिजे, एवढंच लष्कराला हवं होतं. ती पुंगळी उचलून परत भरायची, हा विचार रायफल आखणाऱ्याच्या डोक्यात नव्हताच. टोरांटोजवळच्या लाँग ब्रँच कारखान्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा नऊ लाखांवर रायफली काढल्या. तेव्हा तुमची रायफल खराब झालेली नाही, ती जशी बनवायची होती तशीच बनलेली आहे. बॅरल बदलून दुसरं लष्करी बॅरल घातलंत तर तेही असंच सैल निघण्याची शक्यता दांडगी.

मी मूळचा टूलरूमचा माणूस, भोसरीत गेज आणि डाय करण्यातच हात बसला. त्यामुळे 'ओव्हरसाइज' हा शब्द ऐकला की माझा पहिला प्रश्न असतो: कुठे? रिमवाल्या, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड असलेल्या, पुंगळीच्या बाबतीत तीन वेगळी मापं असतात आणि लोक तिन्हींची खिचडी करतात.

पहिलं माप हेडस्पेसचं. थ्री-नॉट-थ्रीची पुंगळी चेंबरमध्ये थांबते ती रिमवर. बोल्टचं तोंड आणि बॅरलची मागची कड यांच्यात रिमसाठी जेवढी जागा, तेवढी हेडस्पेस. लष्करी हिशोबात 'गो' गेज ०.०६४ इंचाचं आणि 'नो-गो' ०.०७४ इंचाचं. अमेरिकी व्यापारी मापं जरा कडक आहेत, तिथे ०.०६७ ला 'नो-गो' आणि ०.०७० ला 'फील्ड' गेज येतं. गनस्मिथने जे लावलं ते हे. दुसरं माप खांद्याचं (पुंगळी मानेकडे बारीक होते तो उतार), म्हणजे चेंबरचा खांदा पुंगळीच्या खांद्यापेक्षा किती पुढे आहे. रिमचं गेज खांद्यापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे 'हेडस्पेस ठीक' या निकालातून खांद्याबद्दल काहीच कळत नाही. तिसरं माप पोटाचं, पुंगळी बुडाजवळ किती फुगते त्याचं. दुकानदार बोलत होता तो दुसऱ्या-तिसऱ्याबद्दल.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक कोरी पुंगळी आणि तुमच्या रायफलमध्ये झाडलेली, पण डायमध्ये न घातलेली एक पुंगळी शेजारी-शेजारी उभ्या करा, खिडकीच्या उजेडात. झाडलेल्या पुंगळीचा खांदा वर सरकलेला दिसेल आणि मान तेवढी आखूड वाटेल. फरक मोजायला महागडं साधन लागत नाही. पॉइंट थ्री-एट स्पेशल रिव्हॉल्व्हरची रिकामी पुंगळी घ्या आणि तिचं तोंड थ्री-नॉट-थ्रीच्या मानेवरून उतरवा. ते खांद्याच्या उतारावर टेकतं. दोन्हींची मिळून लांबी व्हर्नियरने मोजा. मग हीच थ्री-एटची पुंगळी टोपीसारखी कोऱ्या पुंगळीवर ठेवून मोजा. वजाबाकी केली की चेंबरचा खांदा किती पुढे आहे ते कळतं. मी पाहिलेल्या लष्करी रायफलींत दहा-पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे दहा-पंधरा हजारांश, सर्रास निघतात आणि कधी त्याहून बरंच जास्त.

कॅनडात आणखी एक शक्यता तपासावी लागते. ओंटारिओचे गनस्मिथ एल्वूड एप्स यांनी थ्री-नॉट-थ्रीचं चेंबर मोठं करून बनवलेलं .३०३ एप्स नावाचं काडतूस तिकडच्या शिकाऱ्यांमध्ये चांगलंच चाललं होतं. अशा चेंबरमध्ये साधं थ्री-नॉट-थ्री झाडता येतं, कारण रिम तीच. पण पुंगळी बाहेर येते ती सरळ अंगाची आणि खड्या खांद्याची. रायफलचं लाकूड कापून शिकारीची केली असेल तर या शक्यतेकडे दुर्लक्ष करू नका. बॅरलवर शिक्का असेलच असं नाही. शंका आली तर चेंबरचा साचा काढा: सेरोसेफ नावाचा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू चेंबरमध्ये ओततात. थंड होताना तो आधी आकसतो, म्हणून गोठल्याबरोबर बाहेर काढता येतो. मग हळूहळू परत फुगतो आणि साधारण तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापाला येतो. चेंबर एप्सचं निघालं तर तुमचा डायचा सेटच चुकीचा आहे आणि पुढचं सगळं त्या डायच्या हिशोबाने करावं लागेल.

साधं लष्करी चेंबरच आहे असं धरून पुढे जातो.

पुंगळी तुटते कशी हे नीट समजलं की उपाय आपोआप सुचतात. समजा तुमच्या रायफलची हेडस्पेस ०.०७२ आहे. लष्करी नियमाने पास. पुंगळीच्या रिमला वरची मर्यादा ०.०६४ आणि खालची ०.०५४, बाजारातली बरीच पितळं मधेच कुठेतरी असतात. ०.०५८ धरा. म्हणजे रिमच्या मागे १४ थाऊ मोकळी जागा राहिली. फायरिंग पिन प्रायमरवर, म्हणजे बुडातल्या पेटवणीवर, आपटते तेव्हा काडतूस पुढे ढकललं जाऊन रिमवर अडतं. दारू पेटते, दाब चढतो. पुंगळीची पुढची भिंत पातळ, ती लगेच फुगून चेंबरला घट्ट चिकटते. बूड जाड, ते चिकटत नाही. दाब त्याला मागे ढकलतो आणि बोल्टच्या तोंडाला भिडेपर्यंत ते मागे जातंच. पुढचा भाग जागचा हलत नाही आणि बूड १४ थाऊ मागे गेलं, तर तेवढी लांबी आली कुठून? बुडाच्या जाड भागापुढे जिथे भिंत पातळ व्हायला लागते, रिमपासून साधारण सेंटीमीटरभर वर, तिथलं पितळ ताणलं गेलं. ली-एनफिल्डचे लॉकिंग लग, म्हणजे बोल्ट जागी अडकवणारे खुंटे, बोल्टच्या मागच्या बाजूला असल्याने दाबाखाली बोल्ट आणि बॉडी थोडी लवचीकपणे ताणतात, त्याची यात भर पडते.

हा पहिला बार झाला. एवढ्याने पुंगळी मरत नाही. आता ती चेंबरच्या आकाराची झाली आहे, तिचा खांदा चेंबरच्या खांद्याला लागतोय. इथे आपण तिला तसंच सोडलं असतं तर पुढच्या बाराला काडतूस खांद्यावर थांबलं असतं, बूड आधीच बोल्टला टेकलेलं असतं आणि ताण जवळजवळ संपला असता. रिमच्या मागची ती १४ थाऊची जागा मग कागदावरच राहते. पण फुल-लेंग्थ डाय काय करते? खांदा परत मागे ढकलते. काडतूस पुन्हा रिमवर थांबतं, बूड पुन्हा मागे जातं, ताण पुन्हा त्याच जागी. तुम्ही लिहिलंय की दर भरणीला पुंगळ्या लांब होतात आणि ट्रिम कराव्या लागतात. कमाल लांबी २.२२२ इंच, तेव्हा ट्रिम करणं बरोबरच. पण तोंडाशी कापून टाकलेला पितळेचा तो बारीक चुरा बुडाजवळच्या भिंतीतून चालत पुढे आलेला आहे, हे लक्षात ठेवा. पुंगळी वाढत नसते, एका जागी झिजून दुसऱ्या जागी साठत असते.

म्हणजे करायचं एवढंच: काडतुसाने रिमवर थांबू नये, खांद्यावर थांबावं. बाकीचा तपशील ते साधण्यासाठी.

सुरुवात नव्या पितळापासून करा. ज्या पुंगळ्या दोन-तीनदा फुल-लेंग्थ दाबल्या आहेत त्यांच्यातली झीज परत येत नाही, त्या सरळ भंगारात. तुटलेल्या पुंगळीच्या खोक्यातल्या बाकीच्याही; त्यांनी तेच भोगलंय. नवं पितळ घेताना दुकानातच रिम मोजून घेतलीत तर उत्तम. सर्बियाच्या प्रवी पार्टिझानचं पितळ मला आवडतं. त्याची रिम जाड असते आणि पोटही भरीव, त्यामुळे सैल चेंबरमध्ये त्याला कमी फुगावं लागतं.

खरी कसोटी पहिल्या बाराची, कारण कोऱ्या पुंगळीला अजून चेंबरचा खांदा लागलेला नसतो. त्या एका बारासाठी बूड बोल्टच्या तोंडाला टेकवून ठेवायचं. यासाठी मी रबरी ओ-रिंग वापरतो, नळकामाच्या दुकानात मिळते ती, आतला व्यास सुमारे ७/१६ इंच. काडतुसाच्या पुढून सरकवत रिमपर्यंत नेऊन बसवायची. बोल्ट बंद करताना ती चेंबरच्या तोंडाच्या उतारात दबते आणि काडतुसाला मागे, बोल्टकडे रेटून ठेवते. शिवाय पुंगळी चेंबरच्या तळाला पडून राहण्याऐवजी मधोमध येते, म्हणजे फुगते ती चारी बाजूंनी सारखी. बोल्टच्या दांड्याला किंचित विरोध जाणवला पाहिजे. जोर लावावा लागला तर रिंग जाड आहे, बदला. अशी काडतुसं मॅगझिनमधून चालत नाहीत, एकेक हाताने भरायची. बार झाल्यावर रिंग कुठे गेली ते बघायची, पुढच्याआधी.

दुसरी रीत खोट्या खांद्याची: मान आधी मोठ्या मापाला फाकवायची आणि मग डाय थोडीथोडी खाली आणत फक्त पुढचा भाग बारीक करायचा, म्हणजे मानेवर मधेच एक पायरी राहते आणि त्या पायरीवर काडतूस अडतं. हेडस्पेस अगदी शेवटच्या टोकाला असेल तर ही जास्त खात्रीची, पण मेहनतीची. गोळी लांब बसवून रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पिळाच्या खाचांना) टेकवायची असाही सल्ला मिळेल. या जुन्या बॅरलमध्ये पुढचा भाग झिजलेला असतो आणि बऱ्याचदा गोळी तिथवर पोचतच नाही, म्हणून मी त्याच्या नादी लागत नाही.

आणखी एक सल्ला मिळेल, पुंगळीला ग्रीस लावा म्हणजे ती चिकटणार नाही आणि आपोआप मागे सरकेल. सरकेल खरी. पण मग चेंबरची भिंत जो भार पेलते तो सगळा बोल्टवर येतो. ब्रिटिश प्रूफ चाचणीत एक काडतूस कोरडं आणि एक तेल लावून झाडत, ते मुद्दाम बोल्टला जास्तीचा मार बसावा म्हणून. ऐंशी वर्षांच्या रायफलची तशी परीक्षा रोज घेऊ नका. चेंबर आणि पुंगळी दोन्ही कोरडी पुसून घ्या.

पहिल्या बारानंतर फक्त मान दाबायची. त्यासाठी कॉलेट डाय चांगली: ती मान एका दांड्यावर बाहेरून चिमटते, त्यामुळे वंगण लागत नाही आणि पितळ ओढलं जात नाही. या पुंगळ्या आता या एकाच रायफलच्या. खोक्यावर नंबर टाका. मित्राच्या ली-एनफिल्डमध्ये त्या बसतील असं समजू नका, आणि त्याच्या पुंगळ्या तुमच्यात घालू नका. चेंबर नेहमी गोल किंवा मध्याशी जुळलेलं असतंच असं नाही, म्हणून रिमवर मार्करने एक खूण करून मी काडतूस दर वेळी खूण वर ठेवून भरतो. एखाद्याला हा चोचलेपणा वाटेल. लांबट झालेल्या चेंबरमध्ये त्याने बोल्ट सहज बंद होतो, एवढं खरं.

काही भरण्यांनंतर बोल्ट जड लागायला लागेल. तेव्हा फुल-लेंग्थ डाय बाहेर काढायची, पण वर उचलून लावायची. शेल-होल्डर (प्रेसमध्ये पुंगळीचं बूड धरणारा भाग) आणि डाय यांच्यात एका नाण्याएवढी फट ठेवून सुरुवात करा. डायचा आटा ७/८-१४ असतो, म्हणजे एक पूर्ण फेरा खाली घेतलात तर डाय ७१ थाऊ उतरते आणि फेऱ्याचा आठवा हिस्सा म्हणजे जेमतेम ९ थाऊ. तेव्हा हात आवरून फिरवा. पुंगळी दाबा, पुसा, रायफलमध्ये घालून बघा, परत थोडी फिरवा. इथे एक गंमत होते. डाय खांद्याला टेकायच्या आधी पोट दाबते, आणि दाबलेलं पितळ पुढे सरकून खांदा उलट वर जातो. त्यामुळे बोल्ट हलका होण्याआधी काही वेळ जास्तच जड लागतो. बरेच जण तिथे वैतागून डाय तळापर्यंत कसतात आणि मूळ पदावर येतात. तुम्ही अजून आठवा हिस्सा फिरवा, मग पुन्हा आठवा. बोल्ट अगदी हलक्या विरोधाने बंद झाला की थांबा आणि चेकनट कसा. खांदा एक-दोन थाऊच मागे गेला पाहिजे.

माना कडक होऊन फाटायला लागल्या तर अ‍ॅनीलिंग करा, म्हणजे तापवून पितळ मऊ करा, पण ताव मान आणि खांद्यापुरताच. बुडाकडे उष्णता गेली तर तिथलं पितळ मऊ पडतं आणि दाब पेलणारी जागा तीच आहे.

आता तपासणी, दर भरणीला, न चुकता. कागदाची क्लिप सरळ करून तिचं टोक काटकोनात वाकवा आणि कानशीने टोकदार करा. पुंगळीच्या तोंडातून तळापर्यंत घालून टोक भिंतीला घासत हळूहळू वर ओढा. चांगल्या पुंगळीत ते सलग घसरत येतं. झिजलेल्या पुंगळीत रिमपासून सेंटीमीटरभर वर टोक एका घळीत अडकतं, बोटाला स्पष्ट खटका लागतो. बाहेरून त्याच जागी चकचकीत, फिकट असा एक वळा दिसू लागतो, पण वळा दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. आकडीला आधी कळतं. खात्री करायची असेल तर तुमच्या जुन्या खोक्यातली एक पुंगळी व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने उभी चिरा आणि कड कानशीने साफ करा. बुडाची जाड भिंत निमुळती होत वर जाते आणि मधेच आतून एक खाच पडलेली दिसेल. काही ठिकाणी तिथे पितळ वहीच्या पुठ्ठ्याइतकंही उरलेलं नसतं. एका खोक्यातल्या एका पुंगळीत खाच लागली तर मी सगळं खोकं बाद करतो, कारण सगळ्यांचा इतिहास एकच असतो.

तरीही कधी पुंगळी तुटलीच, तर पुढचं काडतूस आत शिरणार नाही. जबरदस्ती करू नका. तुटकी नळी काढायचं लष्करी धर्तीचं छोटं हत्यार मिळतं, ते पिशवीत असू द्या. आणि डोळ्यांवर गॉगल नेहमी. पुंगळी तुटली की वायू मागच्या बाजूला वाट शोधतो.

दुकानदार मोठा बोल्ट-हेडही, म्हणजे बोल्टचं बदलता येणारं पुढचं टोक, विकू बघेल. नंबर ४ ला ० ते ३ अशा नंबरांचे बोल्ट-हेड येतात, नंबर वाढेल तशी लांबी वाढते. पण एकाच नंबरच्या दोन हेडांतही फरक असतो, म्हणून नंबर न बघता मायक्रोमीटरने मोजून घ्या. गेज ०.०७४ ला बोल्ट बंद होत असेल तर हेड बदललाच पाहिजे. मर्यादेत असेल तर त्याने रिममागची जागा काही थाऊंनी कमी होईल, एवढंच. चेंबरचं पोट आणि खांदा आहेत तिथेच राहतात. पैसे आधी कॉलेट डायवर घाला.

दारूचे आकडे मी देत नाही. तुमची गोळी, तुमची दारू आणि चालू आवृत्तीचं मॅन्युअल, यांच्याबाहेरून आकडा घेऊ नका. या रायफलसाठी मी मॅन्युअलच्या सुरुवातीच्या मापाजवळ राहतो. त्याखालीही जात नाही, कारण सावकाश जळणारी दारू फार कमी भरली तरी दाब लहरी होतो. 'चेंबर मोठं म्हणजे आत जागा जास्त, तेव्हा दारू वाढवायला हरकत नाही' हा युक्तिवाद ऐकाल. जागेने दाब थोडा उतरतो हे बरोबर. पण या काडतुसाची अमेरिकी कमाल मर्यादा ४९,००० पीएसआय आहे, आणि मागे लग असलेल्या बोल्टला जेवढा ताण कमी, तेवढी पुंगळी जास्त टिकते. शंभर यार्डांवर कागदाला भोक पाडायला कमाल लागत नाही.

शिकारीचं गणित वेगळं आहे. मान दाबलेली काडतुसं चेंबरला चपखल असतात, आणि बर्फात, मातीत तेच अंगाशी येऊ शकतं. डोंगरात अस्वलांच्या मुलखात जाणार असाल तर तिथे नवी, कारखान्याची किंवा कोऱ्या पितळात भरलेली काडतुसं न्या. कॅनडियन रेंजर्सनी उत्तरेत हीच रायफल अलीकडेपर्यंत वापरली ती सैल चेंबरच्या जोरावरच. भरलेलीच न्यायची असतील तर निघण्याआधी रेंजवर प्रत्येक काडतूस बोल्टमधून फिरवून बघा, नळी सुरक्षित दिशेला ठेवून.

राहिली ती खडकीची काडतुसं. बुडावर 'के एफ' हा इंग्रजी शिक्का आणि रोमन सात असेल तर ती पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्याची मार्क ७, १७४ ग्रेन गोळीची. हा कारखाना १८६९ पासूनचा. आपल्याकडच्या वस्तूबद्दल ममत्व वाटणं साहजिक आहे. मीही एक खोकं शोभेला ठेवलंय. झाडायची असतील तर दोन गोष्टी. इतक्या जुन्या काडतुसात प्रायमर उशिरा पेटू शकतो. खटका ओढून नुसता टक् आवाज आला तर बोल्ट उघडू नका, रायफल टार्गेटच्या दिशेने धरून निदान मिनिटभर थांबा. आणि त्यांच्या प्रायमरचा अवशेष मिठासारखा असतो, हवेतली ओल ओढून बॅरल गंजवतो. तो तेलाने निघत नाही, पाण्याने निघतो. त्याच दिवशी चेंबरकडून कढत पाणी ओता, कोरडं करा, मग तेल.

त्या पुंगळ्या पुन्हा भरण्याच्या भरीस पडू नका. त्या बर्डन प्रायमरच्या असतात, आत मधोमध एक भोक नसून बाजूला दोन बारीक भोकं. तुमच्या डायची पिन त्यावर आपटून मोडेल. नवं पितळ आलं की कोऱ्या पुंगळीची रिम, पहिल्या बारानंतरचं बुडाजवळचं पोट आणि टोपी लावून मोजलेला खांद्याचा फरक, ही तीन मापं इथे टाका. ओ-रिंग पुरेल की खोटा खांदा करावा लागेल, ते त्यावरून सांगता येईल.